उरलेलं दाखवणारा मीटर

मी एक जुना वीजमीटर आहे, मित्रांनो, आणि गेले कित्येक दिवस माझ्या पोटात दुखतं आहे. तारा तुटल्या म्हणून नाही. मत्सराने.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत, लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्या पोटात तारा बसवल्या, दुसरीने बटणं बसवली. शेवटी एका म्हाताऱ्या कामगाराने दिवा जोडून माझी परीक्षा घेतली आणि मला सील ठोकलं. ठोकताना तो म्हणाला, "याला भीड नाही हां. शून्य म्हणजे शून्य." मला तो आशीर्वाद वाटला.

मी आधी पैसे घेऊन मग वीज देणाऱ्यांपैकी. दुकानातून वीस आकड्यांची चिठ्ठी आणायची, ते वीस आकडे माझ्या बटणांवर दाबायचे, की मी तेवढी वीज द्यायचो. किती उरली ते काचेवर दाखवायचो. संपत आली की लाल डोळा उघडायचो आणि टुकटुक करायचो. संपली की बंद.

मला ज्या घरात बसवलं ते दोन खोल्यांचं होतं, मध्ये अरुंद बोळ. मी बोळात, खांद्याच्या उंचीवर. घरात तीन माणसं. घरधनी मालट्रकवर ड्रायव्हर, आठ दिवस रस्त्यावर तर दोन दिवस घरी. त्याची बायको कोंबडीची अंडी उबवून पिल्लं विकायची. आणि त्याची थोरली बहीण, जिला सगळे आक्का म्हणत.

आक्काला अक्षर येत नव्हतं. पण ड्रायव्हर घरी नसायचा आणि भावजयीचे हात कायम पिल्लांच्या दाण्यात, म्हणून चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर उभं राहायचं काम आक्कावर आलं. ती चिठ्ठीतला आकडा बघायची, मग माझ्या बटणांवर तसाच दिसणारा शोधायची. दोन म्हणजे बदक. सात म्हणजे विळा. आठ म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन बटाटे. पहिल्या दिवशी वीस आकड्यांना तिने पाऊण तास घेतला. तीनदा चुकली, तीनदा मी नकाराची शिट्टी वाजवली. "थांब रे मेल्या, चुकायला तरी वेळ दे," ती म्हणाली. चौथ्यांदा जमलं आणि दिवा लागला, तेव्हा तिने पदराने माझी काच पुसली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला तेवढं कुणी पुसलेलं नाही.

पुढे ती विळे आणि बटाटे विसरली आणि सरळ आकडे वाचू लागली. सकाळी उठली की चूळ भरण्याआधी माझ्याकडे यायची. किती उरलं ते बघायची आणि त्यावर घर चालवायची. आज पाणी विजेच्या शेगडीवर तापवू नका, आज रेडिओ बंद. घरात तिचा शब्द चालायचा, कारण माझा आकडा तिला कळायचा. "मीटरचं आक्कालाच ठाऊक," भावजय म्हणायची. असं सहा वर्षं चाललं. दिवसातून दहादा माझ्याकडे कुणी ना कुणी बघायचं. मला वाटायचं, हेच प्रेम.

मग तो दिवस आला. उबवणीच्या पेटीत छत्तीस अंडी होती, अठरावा दिवस. तीन दिवसांनी पिल्लं निघणार होती. सकाळी आक्काने पाहिलं, एक युनिटसुद्धा पुरतं उरलं नव्हतं. "डोळ्यांच्या डॉक्टरकडून येताना चिठ्ठी आणते," ती म्हणाली. भावजय बाजारात गेली. दवाखान्यात रांग मोठी होती. दुपारी बाराच्या सुमारास मी लाल डोळा उघडला. टुकटुक केलं. रिकाम्या घरात कोण ऐकणार? मग शून्य झालं आणि मी बंद झालो. भीड नाही ना मला.

पाच वाजता दोघी आल्या. भावजयीने एक अंडं कानाशी धरलं, मग दुसरं. सगळी गार. ती ओरडली नाही. आक्काने मात्र महिनाभर तिच्याशी नजर मिळवली नाही. आणि ड्रायव्हरने अर्ज केला, की आम्हाला साधा बिलाचा मीटर द्या. आधी वापरायचं, मग महिन्याने पैसे भरायचे, तसला.

तो आला. गुळगुळीत, पांढरा. त्याला बटणं नाहीत, लाल डोळा नाही. मीटरवाल्याने मला खिळ्यावरून उतरवलं आणि त्याच खिळ्यावर त्याला चढवलं. सवत आणून आपल्याच पाटावर बसवावी तसं मला झालं.

मला समोरच्या फळीवर ठेवत मीटरवाला भावजयीला म्हणाला, "हा जुना आत्ता नेत नाही. पहिलं बिल मुदतीत भरलं नाही, तर हाच परत बसवायचा हुकूम आहे."

"नको हो," भावजय म्हणाली. "अंड्यांची पेटी आहे माझी. पुन्हा मध्येच वीज गेली तर धंदाच बुडेल."

मी ते ऐकलं, आणि त्या क्षणापासून माझी एकच इच्छा होती. बिल चुकू दे.

दुसऱ्या दिवशी आक्का सवयीने बोळात आली. नव्याच्या काचेवर सहा होते. तिसऱ्या दिवशी तेरा. तिचं तोंड उजळलं. "अगं ए, बघ तरी! हा वाढतोय! तो मेला रोज आटायचा."

भावजय नवी अंडी पेटीत मांडत होती. "वाढतोय ना? मग बरं आहे. तुम्हाला कळतं त्यातलं, आक्का."

आक्काला काय कळलं होतं ते मला कळलं होतं. सहा वर्षं तिने माझ्या काचेवर आकडा पाहिला तो उरलेल्या विजेचा. मोठा आकडा म्हणजे सुबत्ता. नव्याचाही आकडा ती तसाच वाचत होती. तो वापरलेली वीज मोजत होता, आणि तिला वाटत होतं साठतं आहे. मग काय विचारता! पाणी शेगडीवर, तेही दोनदा. रेडिओ दिवसभर. अंगणातला दिवा सूर्य डोक्यावर आला तरी जळतोच आहे. ड्रायव्हरने वाटेतून फोन केला, "नवा मीटर काय म्हणतो?" तर आक्का म्हणाली, "भरभराट आहे बाबा!" तो म्हणाला, "बरं झालं."

माझा जळफळाट होत होता. मी खरं सांगून शिव्या खाल्ल्या आणि हा गप्प बसून कौतुक खातो! त्याची काच तिने पदराने पुसली तेव्हा तर मला फळीवरून उडी मारावीशी वाटली. पण मनातून मी हसतही होतो. चढू दे. जेवढं चढेल तेवढं बिल मोठं, तेवढी माझी वाट मोकळी.

एकविसाव्या दिवशी चौतीस पिल्लं निघाली. पिवळी, ओली, बोळभर चिवचिवाट. भावजयीने ती आपल्या बहिणीच्या गावच्या बाजारात न्यायचं ठरवलं. पेटी, फ्रीज, दिवे, सगळं बंद केलं. निघताना आक्काने आकडा पाहिला, एकशे एक्केचाळीस. दोघी दोन दिवसांनी परत आल्या. भावजय पिल्लांची रिकामी टोपली धुवायला गेली आणि आक्का सरळ बोळात.

एकशे एक्केचाळीस.

तिने चष्मा काढला, पुसला, लावला. "दोन दिवस कणभर वापरलं नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "मग जास्त साठायला हवं होतं. एकही वाढला नाही?"

ती आत गेली, शेगडीचं बटण दाबलं आणि धावत परत आली. थोड्या वेळाने टिंबापुढचा आकडा हलला. शेगडी बंद केली. आकडा थांबला. चालू केली. हलला. असं तिने चारदा केलं. मग ती बोळातल्या स्टुलावर बसली आणि नव्याकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाली, "तू उरलेलं दाखवायचास. हा गेलेलं दाखवतो. आणि मी याला तुझ्या भाषेत वाचत बसले."

ड्रायव्हर त्या रात्री घरी होता. आक्काने जेवताना सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. ड्रायव्हरला हसता हसता ठसका लागला. "म्हणजे आपण जाळत होतो आणि तू भरभराट म्हणत होतीस?"

"हसू नका," भावजय म्हणाली. "आक्का, तुम्ही माझ्याकडे बघा आधी. मागच्यासारखं तोंड फिरवून बसायचं नाही. तुम्ही बघितलं नसतं तर मी तर बिल आल्यावरच डोळे उघडले असते."

पुढचे दिवस घर पुन्हा माझ्या काळातलं झालं. बिल आलं तेव्हा मोठं होतं, पण आवाक्याबाहेर गेलं नव्हतं. दहा पिल्लं भावजयीने बहिणीकडे वाढवायला ठेवली होती, तीही तिने विकली. मुदतीच्या दोन दिवस आधी आक्का स्वतः रांगेत उभी राहून बिल भरून, शिक्का मारून घेऊन आली. तो कागद तिने माझ्यासमोर धरला. का, ते मला ठाऊक नाही. माझी आशा तिथे संपली.

मीटरवाला मला न्यायला आला तेव्हा आक्काने मला फळीवरून स्वतः उतरवलं, धूळ झटकली, पदराने काच पुसली. "जपून न्या," ती त्याला म्हणाली. "तोंडावर बोलणारा आहे. आकडे यानेच शिकवले मला."

आता मी एका गोदामात आहे. इथून कुणा दुसऱ्याच्या भिंतीवर जाईन किंवा भंगारात. मित्रांनो, तुमच्या घरात मीटर असेल. तो माझ्यासारखा टुकटुक करणारा असो की त्याच्यासारखा मुका, रोज एकदा त्याच्यासमोर उभे राहा. तो काय दाखवतो, उरलेलं की गेलेलं, हे आधी विचारा. जो ओरडत नाही, त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

हे शहाणपण मी सांगतो खरा, पण मत्सर काही गेलेला नाही. निघताना मी एक गोष्ट पाहिली. नव्या मीटरशेजारी भिंतीवर आक्काने खडूने आकडे लिहिले होते, रोजचा एक, एकाखाली एक. विळ्यासारखे सात, बटाट्यांसारखे आठ. सगळे माझ्या बटणांवर शिकलेले. सहा वर्षांत माझा एकही आकडा तिने कधी लिहून ठेवला नव्हता.