नव्या कॉम्प्युटरवर ताईचा आवाज

घशाच्या ऑपरेशनमध्ये ताईचा आवाज गेला, पण बोलण्यातला तिखटपणा काही गेला नाही. ती कीबोर्डवर टाइप करायची आणि कॉम्प्युटरमधला प्रोग्राम घोगऱ्या, पुरुषी आवाजात बोलायचा. धाकटा भाऊ आरशासमोर जरा रेंगाळला की आतून यायचं, "टक्कल विंचरून झालं का?" घरात सगळ्यांना तोच ताईचा आवाज वाटायचा.

मग जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. भावाने हौसेने नवा आणला. त्यावर तो प्रोग्राम चालेना. बनवणारी कंपनी केव्हाच गुंडाळलेली. सेटिंगमध्ये जुनी सिस्टिम निवडून पाहिली, तर विंडो उघडली, पण आवाज नाही.

शेवटी दुरुस्तीवाला म्हणाला, "नव्याच्या पोटात सॉफ्टवेअरनेच जुन्यासारखा कॉम्प्युटर उभा करू. प्रोग्रामला वाटेल, आपण आपल्याच घरी आहोत."

खरंच प्रोग्राम बोलला. ताईचे डोळे भरून आले. फक्त टाइप केल्यावर आवाज यायला बराच वेळ लागायचा.

"थोडं थांबायचं, एवढंच," दुरुस्तीवाला म्हणाला.

त्याच संध्याकाळी भावाची बायको मीटिंगमध्ये घोरणाऱ्या साहेबाची नक्कल करत होती. सगळे हसत होते. ताईने झरझर टाइप केलं. तेवढ्यात दार ढकलून शेजारीण आत आली. चेहरा पांढराफटक. "अहो, चला ना जरा. हे उठतच नाहीयेत."

आणि कॉम्प्युटर बोलला, "हलवून बघायचं होतं, मेला असेल!"

ताईने धडपडत वायर ओढली, पण वाक्य पुरं झालं होतं. भाऊ शेजारी धावला. शेजारचे काका गेलेच होते.

दिवसकार्य झाल्यावर शेजारीण स्वतःहून म्हणाली, "तुमच्या मनात काही नव्हतं, कळतं मला." ताईने मान खाली घातली. त्यानंतर तिने कीबोर्डला हात लावला नाही. भावाने नवा प्रोग्राम आणला, लगेच बोलणारा, बाईच्या गोड आवाजाचा. ताईने एक वाक्य ऐकलं आणि मान हलवली. ही कोण परकी बाई, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

आता भाऊ कामावरून घरी फोन करतो. ताई उचलते. पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो. तो हवापाण्याचं बोलतो, यायला उशीर होईल म्हणून सांगतो. मग बराच वेळ कानाला फोन लावून बसतो.

"ठेवू का गं?" असं दोनदा विचारतो, आणि ठेवतो.