रुखमाचं शून्य

आम्ही ढिवर लोक तलावात जाळं ओढलं की मासे काठावरच वाटून घेतो. या वर्षी वाटणीची यादी माझ्या नातीने, नीतूने, मोबाइलवर केली होती. ती तुमसरला कॉम्प्युटर शिकते. गावातली सगळी घरं तिने जावास्क्रिप्ट या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिली आणि आमच्या मच्छिमार संस्थेच्या सभासद घरांना 'हजेरी' नावाचा एक खाना जोडला. तलावातलं गवत काढायला ते घर किती दिवस आलं, तो आकडा त्यात. बाकीच्या घरांना हा खानाच नाही. ज्या घराला खाना, ते सभासद, आणि त्यालाच वाटा.

त्या सकाळी जाळं इतकं जड आलं की ओढता ओढता माणसं गुडघ्यावर आली. रोहू टोपल्यांतून बाहेर उड्या मारत होते. अध्यक्ष टेकचंद मोबाइल हातात धरून नावं वाचू लागला. अडतीस घरं झाली आणि यादी संपली. रुखमाचं नाव आलंच नाही.

रुखमा एकटी बाई. पावसाळ्यात तिचा पाय मोडला, म्हणून ती एकही दिवस कामाला आली नव्हती. पण आजारी घराचा वाटा तुटत नाही, हा आमचा जुना नियम.

टेकचंदने मोबाइल नीतूपुढे धरला.

"तुझं यंत्र तं सांगून राहिलं का रुखमा सभासद नाही. याच्यापेक्षा कागद बरा होता."

तरी वाटणी यादीप्रमाणेच होईल, एकदा यादी मोडली की उद्या जो तो मोडेल, असंही तो म्हणाला. रुखमा काठीवर टेकून उभी होती. तिने आपली टोपली पायाने मागे सरकवली.

नीतूचा चेहरा उतरला. तिने तपासलं. रुखमाचं घर होतं, खाना होता, खान्यात शून्य होतं. मग नाव का गळलं? तिने मला ती ओळ दाखवली:

if (घर.हजेरी)

मी पंचावन्नाव्या वर्षी वाचायला शिकले, इंग्रजी अजून अडखळते. पण घर आणि हजेरी ही अक्षरं आपली होती, ती लगेच लागली. ही ओळ काय विचारते, असं मी विचारलं. घराला हजेरी आहे का, असं ती विचारते, नीतू म्हणाली.

"अन हजेरी शून्य असली तं?"

ती थबकली. शून्य असलं की यंत्र 'नाही' समजतं, ती हळूच म्हणाली.

समोर पळसाची पानं मांडलेली होती. आमच्यात आधी प्रत्येक सभासद घराच्या नावाने एक पान मातीवर मांडतात, मग एकेक मासा टाकत जातात. मासे कमी आले तर शेवटची पानं रिकामी राहतात, पण ती कोणी उचलत नाही. पुढच्या वेळी वाटप तिथूनच सुरू होतं.

"नीतू, पानावर मासा हाय का, हे तू विचारून राहिली. पान मांडलं का, हे विचार ना."

ती तिथेच ओल्या मातीत बसली. तिची बोटं भरभर चालली. जुनी ओळ पुसून तिने नवी लिहिली:

if (Object.hasOwn(घर, "हजेरी"))

"आता खान्यात काय हाय ते हे पाहतच नाही, आजी. खाना त्या घराचा हाय का, एवढंच पाहते."

यादी पुन्हा उघडली. एक्केचाळीस! रुखमा आली. वीटभट्टीवर गेलेल्या गुलाबचं घर आलं, त्याची तर कोणाला आठवणही झाली नव्हती. आणि तिसरं घर होतं खुद्द टेकचंदचं. वर्षभर काठावर उभं राहून तो दुसऱ्यांची हजेरी लिहीत होता, पाण्यात पाय घातला नव्हता. दुसऱ्यांची नावं वाचण्याच्या नादात आपलं नाव गळाल्याचं त्याला कळलंही नव्हतं.

सगळा काठ हसला. टेकचंदने खाकरून मोबाइल नीतूला परत दिला, पळसाची तीन पानं तोडून आणली आणि पहिलं पान रुखमाच्या पायाशी मांडलं.

"माहं मंग मांड," रुखमा म्हणाली, "आंधी तुहं मांड. नाही तं पुन्हा गळशील."

पण तिचं पान मांडून झालं होतं, आणि कोणीतरी त्यावर एक भला मोठा रोहू टाकलाही.