कोटाच्या बटणाची जागा

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. मॅन्डोलिन ठेवायची पेटी, पण आत मॅन्डोलिन नसलेली. मला उचलणारा प्रत्येक जण म्हणतो, "अरे वा, किती हलकी!" त्यांना काय ठाऊक!

माझं मॅन्डोलिन एका शिंप्याचं होतं. त्याला ते वडिलांकडून मिळालेलं. दिवसभर मशीन चालवून झालं की तो अंगावरचे दोरे झटकायचा आणि मला उघडायचा. एकदा सूर लावायच्या खुंटीचं टोक तुटलं. शिंपीच तो, त्याने तिथे कोटाचं काळं बटण बसवून टाकलं. ते बटण रुतून रुतून माझ्या हिरव्या मखमलीत वाटोळा खळगा पडला. मी तो दागिन्यासारखा मिरवायचे.

मग माझी कडी तुटली. मी दुरुस्तीला गेले आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांनी घर बदललं. शिंप्याच्या मुलीने, जिला आता घरात सगळे आत्या म्हणतात, मॅन्डोलिनला धक्का लागू नये म्हणून ते चिंध्यांत गुंडाळलं. गाठोडं इतकं मऊ झालं, की सामानाच्या गडबडीत कुणीतरी ते चिंध्यांचंच समजून भंगारवाल्याला देऊन टाकलं. मी नवी कडी लावून परत आले, तर माझ्यात ठेवायला काही उरलंच नव्हतं. शिंपी मुलीला एका शब्दानेही बोलला नाही. तिला तेच जास्त लागलं.

आता आत्याचे केस पिकलेत. सुट्टीच्या दिवशी भाची मला काखोटीला मारते आणि दोघी जुन्या वाद्यांची दुकानं पालथी घालतात. परवा एका दुकानातलं मॅन्डोलिन माझ्यात अगदी चपखल बसलं.

"बसलं की हो!" दुकानदार म्हणाला.

भाची हरखली. "आत्या, घेऊया ना गं. बटण काय, आपण लावू."

मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू? किती वर्षांनी कुणीतरी माझ्या कुशीत आलं होतं.

आत्याने खळग्यात बोट ठेवलं. "नको गं. हे कुणाचं तरी हरवलेलं असेल. त्याचीही पेटी कुठेतरी वाट बघत असेल."

मित्रांनो, जुनं काही टाकण्याआधी गाठोडं एकदा सोडून बघत जा. आणि खुंटीला कोटाचं काळं बटण असलेलं मॅन्डोलिन कुठे दिसलं, तर विजोड दिसतं म्हणून ते बटण काढू नका. माझी मखमल बदलून देतो, असं किती जणांनी सांगितलं. आत्या हात लावू देत नाही. खळगा अजून तसाच आहे.