अकरा बिया

ताईच्या बाटलीत अकराच बिया उरल्या होत्या. त्या वर्षी गारपिटीने सगळी झाडं झोडपून काढली, आणि चाळीस वर्षं जपलेल्या तिच्या टोमॅटोच्या वाणाचा जीव त्या एवढ्याशा बाटलीत येऊन बसला. त्यातल्या सहा धाकट्या बहिणीला हव्या होत्या, आणि त्याही कुटायला.

धाकटी प्रयोगशाळेत कामाला होती. ताईचं हे झाड खताशिवाय, मुरमाड जमिनीतही तरारतं, म्हणजे बीच्या पोटातच कुणी उपकारी जिवाणू राहत असणार, असा तिचा कयास. ते बाहेर काढायचे तर बी कुटण्यावाचून गत्यंतर नाही. दोन दिवस घासाघीस झाली. शेवटी ताईने मनावर दगड ठेवून सहा दिल्या, पण कुटताना आपण समोर असणार या अटीवर.

बियांना बाहेरून चिकटलेले जंतू मारायला त्या ब्लीचच्या पाण्यात तीन मिनिटं ठेवायच्या होत्या. नेमकी तेव्हाच प्रयोगशाळेच्या साहेबांनी धाकटीला हाक मारली. तीन मिनिटं झाली की गाळणी उचल, असं ताईला बजावून ती गेली.

तीन मिनिटं झाली, पण बियांवरची मळकट लव काही जाईना. ताई उष्टं भांडंसुद्धा तीनदा घासणारी. अर्धवट धुतलेलं तिच्या हातून सुटेल कसं? बिया मोत्यासारख्या पांढऱ्या झाल्या तेव्हा कुठे तिने गाळणी उचलली.

धाकटीने परत येऊन पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. “किती वेळ ठेवल्यास?”

“बारा मिनिटं असतील.”

“ताई, आतलेही मेले असतील गं.”

तरी तिने त्या कुटल्या, जिवाणू वाढवायच्या बशीत पसरल्या. तीन दिवस दोघींना घास गोड लागला नाही. चौथ्या दिवशी बशी कोरी करकरीत.

आता धाकटीची नजर बाटलीकडे गेली. मागायची तिला हिंमत होईना, आणि नाही म्हणायला ताईला तोंड उरलं नव्हतं. ताईने झाकण फिरवायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबली.

“मला एक सांग. बी रुजलं की हे तुझे पाहुणे रोपात चढतात का?”

“चढतात. खोडात, देठात, पानात.”

“मग पानांच्या बगलेतल्या फुटी घे की. त्या मी खुडून फेकतेच.”

धाकटी बघतच राहिली. “चाळीस वर्षं फेकतेयस?”

“नाहीतर काय, हार करून घालू?”

उरलेल्या पाच बिया पेरल्या. आठवडा गेला, माती हलेना. दहाव्या दिवशी एक कोंब मान वाकवून वर आला, बाराव्या दिवशी दुसरा. बाकीच्या तीन मातीतच राहिल्या.

पहिली बगलफूट ताईने ओल्या फडक्यात गुंडाळून नेली. धाकटीने ती धुतली, कुटली. तीन दिवसांनी दोघी दोन बश्यांवर वाकल्या. फूट धुतल्यावरचं शेवटचं पाणी टाकलेली बशी स्वच्छ होती, म्हणजे बाहेरचं काही उरलं नव्हतं. फुटीचा रस टाकलेल्या बशीवर मात्र सायीच्या रंगाचे बारीक ठिपके उठले होते.

धाकटीने ती बशी उजेडाकडे धरली.

“चांगलं की वाईट?” ताईने विचारलं.

“चांगलं,” ती म्हणाली.

ताईने पिशवी उचलली. दोन्ही झाडांना काठ्या बांधायच्या राहिल्या होत्या, आणि बाहेर वारा सुटला होता.