संध्याचं नाव कुणाच्या भाषेत?

मित्रांनो, टेबलाखाली पोत्यानं झाकलेला तो मळकट संगणक मीच. हुलसूरच्या सिद्धराम अण्णांच्या अर्जकेंद्रात मी सात वर्षं राबलो. बीदरहून जीपमधून आलो तेव्हा माझ्यापुढं नारळ फुटला होता. आल्यागेल्याला अण्णा सांगायचे, "ह्यो काय बी विसरत न्हाई." मी फुगून जायचो. पाठीकडून मी तसाही फुगीरच होतो म्हणा.

२०१० साली सडपातळ नवा संगणक आला. माझ्यातले सहाशे अर्ज इंटरनेटच्या वाटेनं त्याच्याकडे धाडले. त्या वाटेची एक रीत आहे. मराठी अक्षरं तिथं उघडी जात नाहीत. टक्क्याची खूण, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांत एकेक बांधून पाठवतात. पोचल्यावर ती गाठोडी सोडायची असतात. नव्या संगणकसाहेबांनी ती तशीच रचून ठेवली. आणि अण्णांनी मला पोत्याखाली ढकललं!

मग यादीचा दिवस आला. गुलबर्ग्याच्या एका नर्सिंग वर्गासाठी निवडलेल्या मुलींची नावं आमच्या केंद्रातून चारच्या बसनं तिकडे जायची होती. जिचं नाव नाही, तिची जागा दुसरीला. मंठाळच्या सरुबाई लेकीला, संध्याला, घेऊन अकरालाच येऊन बसल्या. छापील यादीत नावांच्या जागी %E0%A4%B8 असलं काहीबाही लांबच लांब उतरलं होतं.

"अण्णा, माझ्या लेकीचं नाव कामून दिसंना?"

"नाव हाय अक्का, पर दुसऱ्या भाषेत गेलंय," अण्णा घाम पुसत म्हणाले. नवा संगणक चुकला, हे त्यांच्या तोंडातून निघेना.

आमच्याकडे ज्याला त्याला तीन भाषा येतात. त्यामुळं न समजलेलं सगळं चौथ्या भाषेतलं, अशी सगळ्यांची खात्री. कन्नड शाळेचे बसवंतप्पा मास्तर म्हणाले, "हे आमचं न्हाई. तेलुगू असंल." औरादकडचा, तेलुगू जाणणारा भीमण्णा शिंपी म्हणाला, "तेलुगूत टक्के नसत्यात. उर्दू बघा." निजामाच्या काळात उर्दू शिकलेल्या रामरावांनी कागद उजवीकडून डावीकडे गंभीरपणे वाचला आणि सांगितलं, "सरकारी कन्नड असंल." मास्तर चिडले. तीन वाजले. सरुबाईंचे डोळे भरून आले, आणि मला पोत्याखाली फार वाईट वाटलं.

"जुन्या कंप्युटरात माझं नाव कसं हाय, ते तर बघा," संध्या म्हणाली.

पोतं निघालं. मला सुरू व्हायला बारा मिनिटं लागली, पण नावं चोख दाखवली. संध्यानं छापील यादी शेजारी धरली.

"अण्णा, संध्या, सविता, सुनंदा. तिघींचं पहिलं अक्षर एकच, अन् हितंबी तिघींची सुरुवात एकसारखी. ही परकी भाषा न्हाई. आपलीच अक्षरं बांधून ठेवल्यात. सोडा की!"

गाठोडी सोडायचा हुकूम नव्या संगणकाला द्यायचाच राहिला होता. अण्णांनी तो दिला आणि सगळी यादी मराठीत उघडली. चारला पाच कमी असताना ती छापून निघाली. सरुबाईंना वाचता येत नव्हतं. लेकीनं दाखवलेल्या नावावर त्यांनी बोट ठेवलं.

"एवढंसं नाव, अन् तीन शहाणे दमले व्हय?"

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुन्यावर पोतं टाकण्याआधी, त्याच्या पोटातलं नव्याला वाचता येतंय का, एवढं बघा. तिथं कुणाची तरी लेक नर्स व्हायची वाट बघत बसलेली असते.