साडूचं तळं

देवानं माणसाला शत्रू द्यावा, पण साडू देऊ नये. शत्रूला निदान सणासुदीला शेजारी बसवून जेवावं लागत नाही.

माझा साडू म्हणजे कल्याण. माझ्या बायकोच्या, मालनच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघंही दुष्काळी कर्जत तालुक्यातले. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. माझा आवाज भोंग्यातून सगळ्या स्टँडवर ऐकू जायचा आणि माणसं बॅगा उचलून पळायची. त्यानं जन्मभर टेम्पो चालवला. निवृत्त झाल्यावर मी केडगावात, कॉलनीच्या बागेच्या वरच्या अंगाला घर बांधलं, तर वर्षभरात यानं त्याच कॉलनीत, बागेच्या खालच्या अंगाला प्लॉट घेतला. ‘साडूभाऊंच्या सोबतीनं ऱ्हाऊ,’ म्हणाला. मी हसून पेढा खाल्ला. दुसरं काय करणार?

सासूबाईंना, म्हणजे बायडाबाईंना, या दोन मुलीच. त्या राहतात कल्याणकडे. ‘तुमच्या पायऱ्या मला चढवत न्हाईत, जावईबापू,’ असं मला सांगतात. माझ्या घराला पायऱ्या आहेत हे खरं. पण याच बाई मागल्या नवरात्रात मोहट्याच्या देवीचा गड चढून आल्या, तेव्हा गुडघे कुठं गेले होते? यंदा धोंड्याचा महिना आला, तर आम्हा दोघा जावयांना एकाच पंगतीत बसवलं. पहिला अनारसा कुणाच्या ताटात पडला ते सांगायला नकोच. मालन म्हणाली, ‘अनारशावरून काय रुसता?’ मी अनारशावरून रुसलो नव्हतो. मला राग आला होता तो वाढताना त्या त्याच्याकडे बघून हसल्या, याचा.

हे सगळं मी गिळलं, कारण माझ्याकडे कट्टा होता. बागेच्या बरोबर मधोमध, कडुनिंबाखाली, मीच खटपट करून बांधून घेतलेला शहाबादी फरशीचा कट्टा. रोज संध्याकाळी मी तिथं बसायचो आणि चार माणसं माझ्याभोवती बसायची. कुठली गाडी कधी कुठं फसली, कुठल्या ड्रायव्हरनं काय केलं, हे मी सांगायचो आणि ती ऐकायची. निवृत्त माणसाचं घरात कोण ऐकतं? ऐकणारी माणसं मला त्या कट्ट्यावरच मिळायची. तेवढंच माझं उरलं होतं, आणि ते मला कुणाला द्यायचं नव्हतं.

पण आमची बाग होती सखल. पुणे रोडकडचं पावसाचं पाणी वरच्या लाइनीतून धावत बागेत यायचं, आणि बाग भरली की खालच्या लाइनीतल्या घरांत शिरायचं. महापालिकेनं एकदाचं मनावर घेतलं आणि बाग नव्यानं करायला सुकन्या नावाची एक तरुण इंजिनिअर पाठवली. तिचं म्हणणं, बाग पाणी पिऊ शकते, फक्त तिला नीट ताट वाढलं पाहिजे. आणि कुठं काय करायचं ते राहणाऱ्यांनीच सांगायचं.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी तिनं बागेत पांढऱ्या फक्कीनं सगळ्या कॉलनीचा नकाशा आखला. लाइनी, घरं, झाडं, माझा कट्टा, सगळं. मग प्रत्येक घराला मूठभर चिंचोके दिले आणि म्हणाली, ‘जिथं पाणी साचताना पाहिलंय, तिथं ठेवा.’

कल्याण पुढं झाला आणि त्यानं अख्खी मूठ माझ्या कट्ट्यावर रिकामी केली.

‘साडूभाऊंच्या कट्ट्याला पानीबी ऐकायला बसतंय,’ तो म्हणाला. ‘येकदा बसलं की उठतच न्हाई!’

सगळी कॉलनी हसली. माझ्या कट्ट्यावरची चारही माणसं हसली. त्यातला भागवत तर डोळे पुसायला लागला. मग ज्यानं त्यानं आपले चिंचोके तिथंच टाकले. मी माझे नेऊन कल्याणच्या फाटकापाशी ठेवले. त्याला राग यावा म्हणून. तर तो म्हणतो, ‘व्हय व्हय, हितंबी येतं की! बरी आठवन केली.’ या माणसाला राग येत नाही, हाच त्याचा सगळ्यात वाईट दुर्गुण आहे.

ठरलं मग. कट्टा काढायचा आणि तिथं गवताचा रुंद, उथळ खोलगा करायचा. सुकन्यानं शेवटच्या बैठकीत समजावून सांगितलं. रस्त्याचं पाणी खोलग्यात येईल, काही मुरेल, उरलेलं खालच्या टोकाच्या मोरीतून हळूहळू ओढ्याला जाईल. ‘पण मोरी कधीही बुजवायची नाही,’ ती म्हणाली. ‘हे तळं नाही. आजचं पाणी उद्यापर्यंत गेलं पाहिजे, नाहीतर उद्याच्या पावसाला जागा कुठली?’

हे कुणीही नीट ऐकलं नाही. कारण त्याच वेळी कल्याण सगळ्यांना चहा वाटत होता, आणि लोक ‘कल्याणराव, इकडं’, ‘कल्याणराव, बिनसाखरेचा’ करत होते. मी मागं एकटा बसलो होतो. चहा नको म्हणून सांगितलं होतं. सुकन्याचं कुठं चुकतंय ते शोधायला मी तिचा शब्द न् शब्द ऐकत होतो. जळणाऱ्या माणसाचे कान फार तिखट असतात.

कट्टा पाडला त्या दिवशी मी गॅलरीतून पाहिलं. फरशा वाया जाऊ नयेत म्हणून कल्याणनं त्या स्वतः उचलल्या आणि खोलग्याच्या काठानं बसवल्या. नेमक्या आपल्या घरासमोर. संध्याकाळी माणसं तिथं बसायला लागली. तो काही एसटीतले किस्से सांगत नव्हता. तो लोकांचेच ऐकायचा, ‘आरं तिच्या मायला!’ म्हणायचा, मांडीवर थाप मारायचा. एवढ्यावर माणसं खूश. मालन म्हणाली, ‘तुम्हीही जा की.’ म्हटलं, माझ्याच फरशीवर मी पाहुणा म्हणून बसू?

निम्म्याहून जास्त पावसाळा कोरडा गेला. आमच्याकडे खरा पाऊस परतीचाच. हस्त नक्षत्र लागलं आणि एका दुपारी असा कोसळला की तासाभरात खोलगा काठोकाठ भरला. सुकन्यानं सांगितलं होतं तसंच झालं. खालच्या लाइनीत एक थेंब गेला नाही. पाऊस थांबल्यावर सगळी कॉलनी काठावर जमली. मीही गेलो, जरा लांब उभा राहिलो.

आणि सांगतो, ते पाणी बघून माझाही जीव हरखला. आम्ही सगळे टँकरच्या रांगेत वाढलेली माणसं. आमच्या गावात पाणी थांबलेलं दिसलं की लोक पायातल्या वहाणा काढतात. तेवढ्यात कल्याणचं लक्ष मोरीकडे गेलं. पाणी खळखळत ओढ्याला निघालं होतं.

‘आरं, चाललं की पानी!’ तो असा ओरडला, जसं घरातून जनावर दावं तोडून पळालंय. ‘आडवा त्येला!’

बस. मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. सिमेंटची रिकामी पोती आली, फावडी आली. बांध घालायचं कुणाला शिकवायचं? आमच्या हातातच आहे ते. बघता बघता पोत्यांत माती भरून मोरी गच्च बुजवली. पाणी थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी घरातून हळद-कुंकू, नारळ आणला, गावाकडे बंधारा भरल्यावर करतात तसं जलपूजन करायचं ठरलं. पूजेला कोण? कल्याण आणि माझी मेहुणी. सासूबाईंना खुर्चीवर आणून बसवलं. त्यांनी पाण्याला हात जोडले आणि म्हणाल्या, ‘माज्या जावयानं गंगा आनली.’

जावयानं. एकवचन. मी तिथंच उभा होतो.

मला ठाऊक होतं. त्या सगळ्या गर्दीत एकट्या मला ठाऊक होतं की मोरी बुजवायची नाही. एक हाक मारली असती तर पुरे होतं, भोंग्यावर बोललेला गळा आहे माझा. पण मी मनात म्हटलं, होऊ दे. आणा गंगा. येऊ द्या घरात. मी प्रसादाचं खोबरं घेतलं आणि घरी येऊन चवीनं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पूर्वेकडून पुन्हा भरून आलं. पहिल्या सरीतच खोलगा ओसंडला. कालचं पाणी होतंच, आजच्याला जागा नव्हती. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो होतो. पाणी काठ चढलं, माझ्या फरशा बुडाल्या, रस्ता ओलांडून कल्याणच्या फाटकाला लागलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा छातीत थंड वाटलं. आता बघू दे म्हटलं लोकांना, गंगा आणणारा कसा दिसतो ते.

पाणी त्याच्या ओट्याला लागलं. ओट्याच्या आतली पहिली खोली सासूबाईंची. त्यांची खाट बुटकी, गुडघ्यांसाठी कल्याणनंच पाय कापून बुटकी केलेली. खिडकीत त्यांचं डोकं दिसलं. त्या पाण्याकडे बघत होत्या आणि हाक मारत नव्हत्या. मग त्यांनी मान वळवली आणि वर, माझ्या गॅलरीकडे पाहिलं.

मी पहार घेऊन कधी उतरलो ते मला कळलं नाही. मागून मालन ‘अहो, छत्री!’ म्हणून ओरडली तेवढं आठवतं. मोरीच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या बाजूनं गेलो आणि पोत्यांत पहार घालून ढोसायला लागलो. पोती फुगून घट्ट बसली होती. ढोसता ढोसता शिव्या देत होतो, कल्याणला, पोत्यांना, सुकन्याला, स्वतःला. एक पोतं फाटलं, माती वाहिली, आणि मग सगळं एकदम सुटलं. लोंढ्यानं मला उचलून बाजूच्या घाणेरीच्या झुडपात फेकलं.

उठलो तेव्हा वर काठावर माणसं जमली होती. कॉलनीचं तळं खळाळत रिकामं होत होतं, आणि माझ्या हातात पहार होती.

‘रामहरीराव,’ भागवत म्हणाला, ‘कट्टा गेला म्हून पान्यावर राग काढला व्हय? येवढी जळजळ?’

जळजळ तर होतीच. कल्याण छत्री धरून उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, आपल्या ओट्याकडे बघत होता. पाणी वीतभर खाली उतरलं होतं. 

सकाळी सुकन्या पाहणीला आली. फाटलेली पोती पाहून तिचा चेहरा पडला. ‘मोरी बुजवली होती? आणि मोकळी कुणी केली? आणखी थोडा वेळ गेला असता तर खालची सगळी लाइन पाण्यात होती.’

सगळ्यांच्या माना कल्याणकडे वळल्या. सवयच ती.

‘बुजवली मीच,’ कल्याण म्हणाला. ‘काढली साडूभाऊंनी. येकट्यानं. त्येंच्यामुळं माजं घर वाचलं.’

मग माझं कौतुक सुरू झालं. भागवत पाया पडायचाच बाकी होता. सगळे माझ्याभोवती, तोंडं माझ्याकडे. कट्टा पडल्यापासून पहिल्यांदा. मी घसा साफ केला. आता सांगावं म्हटलं, सुकन्यानं बैठकीत काय सांगितलं होतं, ते एकट्या मीच कसं ध्यानात ठेवलं होतं. आणि सांगून बसलो.

सासूबाई ओट्यावर खुर्चीत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तुमाला ठाव हुतं, जावईबापू, तर मग परवा, पोती घालताना, का न्हाई बोलला?’

मालन माझ्याकडे बघत होती. तिला उत्तर ठाऊक होतं. मी वहाणेचा चिखल दगडाला घासायला लागलो.

‘बोलले हुते, आई,’ कल्याण म्हणाला. ‘मला बाजूला घिऊन सांगितलं हुतं त्येंनी. मीच ऐकलं न्हाई. पानी बघून डोकंच फिरलं हुतं माजं.’

लोकांनी चुकचुक केली. ‘बघा, स्वतःची चूक कशी कबूल केली,’ भागवत म्हणाला. ‘मन मोठं लागतं.’ सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग पदरानं चष्मा पुसायला घेतला.

मी बोललो नव्हतो. हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं. त्यानं काठावर बसत शेजारच्या फरशीवर थाप मारली. ‘बसा की, साडूभाऊ.’ फरशी माझ्याच कट्ट्याची. माझ्या पानाच्या चुन्याचा डाग अजून होता तिच्यावर. मी बसलो.

आता रोज बसतो. खोलगा पावसात भरतो, दुसऱ्या दिवशी रिकामा होतो, मोरीला कुणी हात लावत नाही. माणसं जमतात, मी किस्से सांगतो, कल्याण मांडीवर थाप मारतो. त्यानं माझा कट्टा घेतला, सासू घेतली, ते एक वेळ मी पचवलं असतं. पण आता माझी अब्रूही त्याच्याकडे ठेवायला आहे. रोज संध्याकाळी तो ती घेऊन माझ्या शेजारी बसतो आणि चुकूनही काढून दाखवत नाही. एकदा तरी त्यानं टोमणा मारावा म्हणून मी वाट बघतोय. मारला असता, तर मला त्याच्यावर पूर्वीसारखं सुखानं जळता आलं असतं.