जोडीतली दुसरी चावी

मी एक कोरी चावी होते. अठ्ठावीस वर्षं कोरी. आता माझ्या अंगावर पाच दात आहेत, आणि ते कसे आले ते मला सांगायचं आहे. चावी हरवली की माणसं स्वतःचेच हाल सांगत बसतात. चावीला कुणी विचारत नाही.

मी पितळेची. कुठल्या कारखान्यात घडले ते आठवत नाही. आठवते ती कोल्हापुरातली लक्ष्मीपुरी, तिथल्या एका कोपऱ्यावरची काळी छत्री आणि छत्रीखाली कानस घासत बसलेला लालासाब. त्याच्या फळीवर शेकडो कोऱ्या चाव्या खिळ्यांना टांगलेल्या असत. फियाट गाडीच्या आम्ही दोघीच होतो, एकाच खिळ्याला, एकमेकींना चिकटून. वारा आला की आम्ही वाजायचो.

लालासाबचे दोन नियम होते. कुणाच्या चावीचं माप तो लिहून ठेवत नसे. "लिहिलेलं कुणाच्या हातात जाईल सांगता येत न्हाई," म्हणायचा. आणि चावी घासताना पडणारा पितळेचा भुसा तो कागदावर झेलायचा, त्याची पुडी बांधायचा आणि चावीबरोबर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "तुमच्या कुलपाचं हाय, तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे." लोक हसायचे आणि रस्ता ओलांडला की पुडी गटारात टाकायचे. लालासाबला ते दिसायचं. तरी पुढच्या गिऱ्हाइकाला तो पुडी बांधायचाच.

एके दिवशी आजऱ्याचे काजूचे व्यापारी आण्णा पांढरी फियाट घेऊन आले. गाडी त्यांची बायको चालवत होती, हिरव्या लुगड्यातली आक्का. त्या काळी लक्ष्मीपुरीतली माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली. दाराची जुनी किल्ली कुलपातच मोडली होती, इंजिनाची वेगळी होती. लालासाबनं दाराला आणि इंजिनाला एकाच किल्लीची नवी कुलपं बसवली आणि माझ्या बहिणीला खिळ्यावरून काढून घासलं. मग त्यानं मलाही उचललं.

"जोडी करून देतो आण्णा. एक हरवली तर दुसरी ऱ्हाईल."

"एकच बास की. दोन केल्या तर ही दुसरी घेऊन पळंल."

"एक असली तरी मीच घेऊन पळणार हाय," स्टेअरिंगवरून आक्का म्हणाल्या, आणि सगळा कोपरा हसला.

बहीण गेली. लालासाबनं मला परत खिळ्याला टांगलं आणि शेजारच्या पंक्चरवाल्याला सांगितलं, "हिची जोडी आजऱ्याला हाय. ही कुणाला द्यायची न्हाई."

त्या एका वाक्यावर माझं आयुष्य गेलं. माझ्या डोळ्यांदेखत किती चाव्या आल्या, घासल्या गेल्या, कुणाच्या तरी खिशात बसून संसाराला लागल्या! फियाटवाले माझ्यासाठीही येऊन गेले. एक जण तर सांगलीहून दोनदा आला. लालासाबचं उत्तर ठरलेलं, "ती दुसऱ्याची हाय." मला राग यायचा. दुसरा आला तर आला! नुसतं लटकून राहण्यापेक्षा कुणाचंही कुलूप परवडलं.

पुढं चाव्यांच्या पोटात चिप आली. छत्री मिटली, फळी गेली. लालासाबची मुलगी आफशीन इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आली. तिनं जुनी व्हॅन घेतली, आत चिपची चावी बनवायचं मशीन बसवलं आणि बाहेर लिहिलं, 'गाडीची चावी हरवली? आहात तिथेच थांबा.' गिऱ्हाइकानं दुकान शोधायचे दिवस संपले. दुकान गिऱ्हाईक शोधत वारणानगरला, मलकापूरला जाऊ लागलं. आफशीनला कसलाच धीर नाही. जेवतेसुद्धा एका हातानं, दुसरा हात मशीनवर. यंदा एकदा व्हॅन झाडताना तिनं मला बोटांत धरलं.

"अब्बा, ही काळी पडलीय. मोडीत घालू?"

"तिची जोडी अजून फिरतीय."

"अठ्ठावीस वर्षं, अब्बा! माप तरी लिहून ठेवायचं होतंत."

लालासाबनं मला व्हॅनच्या पत्र्याला एका आकड्यात अडकवलं. कंपवातानं त्याचे हात थरथरू लागले होते. आकडा सापडायला त्याला वेळ लागला.

आणि गेल्या महिन्यात आजऱ्याहून फोन आला.

"मशीनवाली पोरगी तूच व्हय? तुझ्या बापाला फोन दे."

आक्का होत्या. आण्णा जाऊन सहा वर्षं झालेली. काजू निवडायला बसल्या असताना कमरेची पिशवी उसवली आणि माझी बहीण काजूत पडली. लक्षात आलं तोवर पोती भरून गेली होती. सत्तरी ओलांडलेल्या आक्का अजून दर शुक्रवारी स्वतः गाडी काढून बाजारला जायच्या, आणि त्यांच्या मुलाला, कृष्णातला, ते बघवत नव्हतं. किल्ली हरवल्याचं त्याला बरंच वाटलं. भंगारवाल्याला त्यानं गुरुवारी दुपारी बोलावून ठेवलं होतं. "गाडी गेली की मी त्या काजूच्या शेडमधनं बाहेर पडायची न्हाई रं लालासाब," आक्का म्हणाल्या. "बस म्हनतील तिथं बसायचं, न्हेतील तवा जायचं."

गुरुवारी सकाळी आम्ही पोचलो. फणसाखाली फियाट धुऊन पुसून उभी होती. आफशीनचं मशीन तिच्यापुढं मुकं. त्या गाडीला चिप माहीतच नाही. लालासाबनं मला आकड्यातून काढलं, कानस उचलली, आणि दोन्ही हातांत नाचायला लागल्या. तो क्षणभर स्वतःच्या हातांकडं बघत राहिला. मग त्यानं मला आफशीनच्या तळहातावर ठेवलं.

"एकच हाय, बेटी. चुकली तर दुसरी न्हाई."

"पावणं, पोरीच्या हातात देताय व्हय?" कृष्णात म्हणाला.

"तू गप की रं," आक्का म्हणाल्या. "तुला तरी कुठं येतंय?"

आफशीननं मला दाराच्या कुलपात घातलं, जोर देऊन हलवलं आणि बाहेर काढलं. आतल्या पत्त्या जिथं अडल्या तिथं माझ्या अंगावर चमकता ठिपका उठला. ठिपक्यावर दोन हात कानस. परत आत, परत बाहेर. खाली कागदावर माझा भुसा पडत होता. दुखलं का? दुखलं. पण अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं, तू कशी आहेस?

पाचवा दात झाला आणि फाटकात भंगारवाल्याचा टेम्पो हॉर्न देत थांबला.

"बास झालं आता," कृष्णात म्हणाला.

आक्का उठल्या आणि बॉनेटवर जाऊन बसल्या. "उचलायची तर माझ्यासकट उचल."

आफशीननं घाईनं मला फिरवलं. कुलूप अर्धं वळलं आणि अडलं. तिनं मला उपसलं, तिसऱ्या दातावर कानस टेकवली. अजून एक हात, आणि मी कायमची वाया! लालासाब बघत होता.

कानस तिथंच थांबली. आफशीननं मला उन्हाकडं धरलं. तिसऱ्या दातावर ठिपका नव्हताच. "चावी बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. "कुलूपच घुसमटलंय." तिनं कानावरची पेन्सिल काढली, कोरडं कुलूप सुटावं म्हणून माझ्या दातांवर शिसं चोळलं आणि मला आत सरकवलं. या वेळी जोर दिला नाही. वाट बघितली.

खट्.

मग आक्का आत बसल्या, मला इंजिनात फिरवलं आणि दोन खोकल्यांनंतर फियाट बोलायला लागली. कृष्णातनं आईकडं बघितलं, टेम्पोकडं बघितलं, आणि जाऊन टेम्पो मागं घ्यायला लावला.

"मग मी काय न्हेऊ?" भंगारवाल्यानं विचारलं.

"मूठभर काजूगर ने," आक्का म्हणाल्या आणि फाटकातून बाहेर पडल्या.

आता मी आक्कांच्या कमरेला असते, जाड कापडाच्या नव्या पिशवीत. दर शुक्रवारी बाजार बघते. बहीण सापडलेली नाही. कुठल्या गावच्या पोत्यात आहे कोण जाणे. पण काम मिळालं तरी जुना खिळा विसरत नाही. वारा आला की अजूनही वाटतं, शेजारी कुणीतरी वाजेल. ज्यांच्या घरात एकच चावी आहे त्यांनी ती हातात आहे तोवर तिची जोडी करून घ्यावी, एवढंच माझं मागणं. आणि कुणी तुमच्यासाठी काही राखून ठेवलं असेल तर अठ्ठावीस वर्षं लावू नका.

त्या दिवशी आक्का फेरी मारून परत आल्यावर, निघताना लालासाबनं नेहमीसारखी पुडी बांधली आणि आक्कांना दिली. "तुमच्या कुलपाचं हाय." ती आता देव्हाऱ्यात आहे. पण बांधण्याआधी, आफशीन व्हॅनमध्ये कानस ठेवायला वळली तेव्हा, त्यानं थरथरत्या दोन बोटांनी माझा चिमूटभर भुसा उचलला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. जन्मभर पाळलेला नियम त्यानं एकदाच मोडला. मी बघितलं. कुणाला सांगितलं नव्हतं, आज तुम्हाला सांगितलं.